आठव्या माळेला आईचा उजवा हात

अन्याय झाला तो माझ्या आईवर. नवरात्राच्या आठव्या माळेला, सकाळची आरती निम्मी झाली होती तेव्हा, म्हणजे आठ वाजून पाच-सात मिनिटांनी. ठिकाण, डोंबिवली वेस्टला कोपरच्या पुढे खाडीकडे उतरलं की लागणारं आमचं गाव, आणि गावातलं गावदेवीचं देऊळ. अन्याय करणारे म्हणाल तर आरतीला जमलेलं सगळं गाव, आणि त्यात पहिला मी. दुसऱ्यांवर आरोप करायची मला सवय आहे. हा एक आरोप लिहायला मला दोन नवरात्रं लागली.

मी तेव्हा बावीसचा होतो. दिवसा कारखान्यात, संध्याकाळी आमच्या पोरांच्या मंडळात. नळाला पाणी येत नाही म्हणून, रॉकेलचा काळाबाजार होतो म्हणून, हुंडा मागितला म्हणून आम्ही सायक्लोस्टाइल पत्रकं काढायचो आणि ती लिहायचो मी. त्या वर्षी मी पत्रक लिहिलं अंगात येण्यावर. मथळा होता, 'देवी येते, की भूक आणि ढोंग?' गावात तीन-चार बायांच्या अंगात गावदेवी यायची, आणि त्यांत पहिला मान माझ्या आईचा. वर्षाचे तीनशे दिवस टोपली डोक्यावर घेऊन मच्छी विकणारी बाई, पण आठव्या माळेला ती घुमायला लागली की तिच्या पायांवर सरपंचही डोकं ठेवायचा. मला ते सहन व्हायचं नाही. मी नास्तिक होतो असं मुळीच नाही. लहानपणापासून परीक्षेला जाताना, बाप गेला तेव्हा, नोकरीच्या मुलाखतीला, प्रत्येक वेळी मी याच गावदेवीला हात जोडलेले. पण गुपचूप. देवी माझी होती, तिच्या नावानं चाललेलं हे घुमणं माझं नव्हतं, असा माझा बाणा.

सातव्या माळेला संध्याकाळी मी ते पत्रक आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मुद्दाम. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झाला वाचून? मंग आता हंडा भरून आन."

मी चिडलो. म्हटलं, "यंदा तुझ्या अंगात आलं ना, तर मी देवळाची पायरी चढणार नाही."

"नको चढू. देवी कई तुझे वाटंला डोले लावून बसली नाय."

हे आमचं शेवटचं धड बोलणं.

आता जे सांगतो ते मला तेव्हाही दिसत होतं, पण मी बघत नव्हतो. गणपतीत तिचं डोकं मागच्या बाजूनं ठणकायचं म्हणून तिला डोंबिवलीच्या डॉक्टरकडे नेलेलं. त्यांनी प्रेशर फार वाढलंय म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, 'जेवणानंतर एक'. चिठ्ठी मीच वाचून दाखवली. तिनं ती महिनाभर नेमानं पाळली. मग घट बसले. नऊ दिवस तिचा कडक उपास, संध्याकाळी एखादं केळं आणि घोटभर चहा. गोळी जेवणानंतर घ्यायची. जेवणच नाही, तर गोळी कुठली? तिनं पुडी उचलून देव्हाऱ्यामागे ठेवून दिली, दसऱ्याला परत सुरू करायची म्हणून. तिच्या हिशेबी तिनं डॉक्टरचा शब्दही राखला आणि देवीचाही. मशेरी मात्र उपासाला चालते, ती दिवसातून तीनदा दाताला लागतच होती. वर्षभर सुका बोंबील आणि खारवलेला मासा पोटात, ते वेगळंच. माझा आजा, म्हणजे तिचा बाप, अर्धं अंग लुळं पडून गेलेला, हेही मला माहीत होतं.

पाचव्या माळेला चहा ओतताना तिच्या उजव्या हातातून कप निसटला. ती काहीतरी बोलायला गेली आणि जीभ जड झाली, शब्द चिखलातून काढल्यासारखे. दहा मिनिटांत सगळं ठीक. काकी म्हणाली, नजर लागली. मी म्हणालो, उपाशी राहिल्यावर दुसरं काय होणार! दोघांनीही आपापलं आवडतं उत्तर देऊन टाकलं आणि विषय संपला. तो देवीनं दिलेला इशारा होता, असं आज मी मानतो. डॉक्टर त्याला दुसरं नाव देतात. ऐकला कुणीच नाही, एवढं मात्र देवीला आणि डॉक्टरांना, दोघांनाही मान्य होईल.

आठव्या माळेला मी देवळाबाहेर कठड्याशी पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभा राहिलेलो. पायरी चढायची नाही, शब्द दिलेला. आत ढोल, झांजा, धूप. आई नेहमीसारखी पुढे उभी होती. आरती निम्म्यावर आली आणि ती डोलायला लागली, मग एका अंगावर कलंडली आणि खाली बसली. बाया ओरडल्या, "आली गो माय, आली!" ढोल वाढला. तिचे केस सुटलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, आणि घशातून नुसता हुंकार. दर वर्षी ती घुमते, बोलते, कौल देते. यंदा बोलत नाही म्हणजे देवी रागावली, असं कुणीतरी म्हणालं. लगेच रांग लागली. मळवट भरला, ओटी आणली. माझे काका देवळाचे भगत, ते पुढे बसून हात जोडून विचारत होते, "माय, आमचा काय चुकला? बोल ना गो!"

आणि मी? मी बाहेरून बघितलं, आणि मला वाटलं, माझ्यावर सूड उगवतेय. काल पत्रक वाचलं म्हणून आज दुप्पट नाटक. मी तिच्याकडे पाठ केली. चांगली वीस-पंचवीस मिनिटं मी पाठ करून उभा होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात पत्रक कोंबत होतो. आतल्यांना देवी दिसली, मला ढोंग दिसलं. आजारी बाई कुणालाच दिसली नाही.

ती दिसली एका परक्या बाईला. पन्नाशीच्या, जांभळं पातळ, हातात ओटीचं ताट. शेजारच्या गावात त्यांची मुलगी दिलेली, तिचा नवस फेडायला त्या ठाण्याहून आलेल्या. रांगेत त्यांचा नंबर आला. त्यांनी आईच्या हातात नारळ दिला, तो उजव्या हातातून सुटून घरंगळत गेला. रांगेतल्या बाया हळहळल्या, देवीनं नारळ नाकारला! या बाई नारळामागे गेल्या नाहीत. त्यांनी वाकून आईच्या तोंडाकडे बघितलं आणि काकांना विचारलं, "ह्यांचं नाव काय?"

काका चपापले. "आता नाव कसला? आता ही माय हाय."

"माय आहे हो. पण नाव काय?"

"हिराबाई."

"हिराबाई, दात दाखवा बघू. हसा माझ्याकडे बघून. बरं, ह्या हातानं माझं बोट धरा. आता ह्या हातानं." डाव्या हातानं आईनं बोट घट्ट धरलं. उजवा हात मांडीवरून हललाच नाही. तेवढ्यात काकांनी तीर्थाची पळी आईच्या तोंडाशी नेली, आणि त्या बाईंनी सगळ्यांसमोर भगताचा हात धरला. ढोल थांबला. मी मान वळवली ती त्या शांततेमुळे.

"पाजू नका. गिळता येत नसेल तर छातीत जाईल."

"अगं बाई, तीर्थ हाय ते!"

"तीर्थ असू दे नाहीतर दूध असू दे. मी हॉस्पिटलात आया आहे, रोज बघते. दादा, देवी येते ती सगळ्या अंगात येते. अर्ध्या अंगात येत नाही. ह्यांना अर्धांग झालंय. गाडी कोणाची आहे?"

मी पायरी चढलो कधी ते मला आठवत नाही. आईच्या समोर गुडघ्यांवर बसलो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या घशातून पुन्हा तो आवाज आला. पंचवीस मिनिटं ती हाका मारत होती, ते मला तेव्हा कळलं.

आमच्या आळीतल्या एकाचा विटांचा टेम्पो होता. त्यात गोधडी टाकली, जायचं ठाण्याला, त्या बाईंच्याच हॉस्पिटलात. आयाबाई आमच्याबरोबर चढल्या, स्वतःचा नवस तसाच ताटात ठेवून. त्यांनी आईला कुशीवर वळवून, डोकं जरा उंच करून धरलं, आणि पदरानं तिची लाळ पुसत राहिल्या. शीळ फाटा, मुंब्रा, कळवा, अख्खा रस्ता त्या आईशी बोलत होत्या, "हिराबाई, आलं हं, पूल आला." आईच्या कपाळावरचा मळवट घामानं ओघळून डोळ्यांत येत होता. तो पुसायचं धाडस काकांना होईना. अखेर त्यांनीच मला खूण केली. मी पुसला.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आईच्या डोळ्यांत टॉर्च मारला, तळपायावर चावी ओढली, प्रेशर घेतलं, आणि मला विचारलं, "किती वाजता झालं?"

"आठच्या सुमाराला."

"बघितलं कोणी?"

"मी."

"आत्ता दहा वाजलेत. रस्ता तासाचा. उरलेल्या वेळात काय करत होता?"

माझ्याकडे पत्रकभर उत्तरं असायची. त्या दिवशी एकच होतं. "ते पाया पडत होते, आणि मी पाठ करून उभा होतो." त्यांनी लिहिता लिहिता वर बघितलं. रागावतील असं वाटलेलं, पण त्या म्हणाल्या, "लवकर आणलं असतं तर हात वाचला असता का, हे मीही सांगू शकत नाही. तेवढं ओझं डोक्यावर घेऊ नका." मग गोळ्यांचं विचारलं. मी उपासाचं सांगितलं, आणि चिठ्ठीवरच्या 'जेवणानंतर'चंही. "ही चूक आमची. आम्ही 'जेवणानंतर' लिहितो आणि जेवण नसेल तर काय, ते सांगत नाही."

त्यांनी समजावून दिलं, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, म्हणून उजवं अंग आणि वाचा गेली. आता तीन-चार दिवस मेंदूला सूज येईल. काही त्यात जातात, काही नंतर छातीत कफ भरून जातात. जे तरतात त्यांतले काही चालत घरी जातात, काहींना आयुष्यभर दुसऱ्याचा हात लागतो. तुमची आई यांतली कुठली, ते आज विचारू नका.

त्या बायकांच्या वॉर्डात मी पुढे बरेच दिवस काढले आणि जे बघितलं ते कुठल्या पत्रकात मावणार नाही. शेजारच्या खाटेवर डोंबिवलीच्या एक निवृत्त शिक्षिका. सगळं समजायचं, पण तोंडातून दोनच शब्द निघायचे, "बरं का." भूक लागली तरी बरं का, सून रडली तरी बरं का. रागावून, लाडानं, विनवून, सगळं त्या दोन शब्दांत. समोर मोहन्याची एक पोरगी, माझ्याहून थोडीशी मोठी, बाळंत होऊन महिना झालेला. तिचा पाय लुळा पडलेला, पण तो दिवसागणिक परत येत गेला आणि ती बाळ घेऊन आपल्या पायांनी घरी गेली. दाराशी एक आजी होती. लेकीला वाटलं आईचा घसा सुकलाय, तिनं मायेनं चमच्यानं चहा पाजला. तीन दिवसांनी आजीची छाती भरली, पाचव्या दिवशी खाट रिकामी झाली. त्या लेकीला कुणी काही बोललं नाही. मी तर नाहीच नाही. पळीभर तीर्थ आमच्याही आईच्या ओठांपर्यंत आलेलं.

दसऱ्याच्या सकाळी आई हाकेलाही डोळे उघडेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजचा दिवस अवघड आहे, जवळच राहा. काका आपट्याची पानं घेऊन आलेले. ती पानं त्यांनी आईच्या उशाशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखे रडले. म्हणाले, "मी इचारत बसलो रे, काय चुकला म्हनून. ती मरत व्हती आन् मी इचारत बसलो." या माणसाला मी पत्रकात ढोंगी म्हटलेलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आम्हां दोघांचं पाप एकच होतं.

ते गेल्यावर मी आईचा उजवा हात माझ्या हातात घेतला. गार, जड, परक्या माणसाचा असावा तसा. मी देवीला काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, कारण त्यात काही शोभेसारखं नव्हतं. कायम मी मागणी करत आलेलो, मोर्चात साहेबाकडे, देवळात देवीकडे. त्या दिवशी मागणीच सापडेना. जगव म्हणायचं, तर अशी जगव म्हणायचं का? ने म्हणायचं, तर जीभ उचलेना. शेवटी एवढंच म्हटलं, "माय, मला काय मागायचं तेपण कळत नाही. तुला करायचं ते कर. मी इथं आहे." आणि खरंच छातीवरचं काहीतरी उतरलं. दर दोन तासांनी तिला कूस बदलून द्यायची होती, पाठीला जखम होऊ नये म्हणून. मी ते करत राहिलो. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं, आणि ते तसं असण्याचा राग मला आयुष्यात पहिल्यांदाच आला नाही. संध्याकाळी पाच वाजता तिनं डोळे उघडले. देवीमुळे, सूज उतरल्यामुळे, की औषधामुळे, यावर मी वाद घालणार नाही. वाद घालण्यात माझं बरंच आयुष्य गेलंय.

त्या आयाबाई पुरुषांच्या वॉर्डात कामाला होत्या. ड्युटीआधी रोज आमच्याकडे डोकावायच्या. एकदा मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर झटकन मागे सरल्या. "अरे, नाटकं नको करू! मी देवबीव नाही. त्या दिवशी तर येणारही नव्हते मी. बरोबरीची म्हणाली, आठव्या माळेला तू जा, माझी सुट्टी मी नवमीला घेते. म्हणून आले. मी नवमीला आले असते तर?" एवढं बोलून त्या बेडपॅन घेऊन गेल्या. नवमीला आले असते तर, हे मी अजून मनातही पुरतं म्हणू शकत नाही.

आईची वाचा येईना. डॉक्टरीणबाई पाणी दाखवून "पाणी म्हणा" म्हणायच्या. आई जीव तोडून प्रयत्न करायची, आवाज यायचा, शब्द यायचा नाही. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. कोजागिरीच्या दुपारी आयाबाईंनी ते बघितलं आणि मला म्हणाल्या, "बोलायला नको सांगू. गायला सांग. काहींना बोलता येत नाही, पण गाणं येतं. तिच्या देवीचं म्हण काहीतरी."

मी? भरल्या वॉर्डात? देवीचं गाणं? गावातल्या बाया नवरात्रात म्हणतात ते गाणं मी दहा वर्षांत तोंडात घेतलं नव्हतं. मी आजूबाजूला बघितलं. मग बसक्या आवाजात सुरू केलं, "खारीचे काठाव गो, उभी माझी माय..." पुढची ओळ आठवेना. मी सरळ तिसऱ्या कडव्यातली ओळ आणून जोडली, आणि ताल तर केव्हाच खाडीत गेलेला. आईच्या कपाळाला आठी पडली. माझी चूक तिला कधीच सहन झालेली नाही. डावा हात तिनं खाटेच्या दांडीवर आपटला, मला थांबवलं, आणि वाकड्या तोंडानं, घोगऱ्या आवाजात, पण अख्खी, शब्दाला शब्द, दुसरी ओळ म्हटली, "हिरवे चुऱ्याची गो, वाट पाहे माय."

शेजारच्या शिक्षिकाबाई खाटेवर उठून बसल्या आणि म्हणाल्या, "बरं का!"

मी रडत होतो की गात होतो, सांगता येणार नाही. पूर्ण गाणं तिनं माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं. चौथ्या दिवशी गाण्यातला 'माय' सुटा निघाला, मग 'पानी', मग एक ठसठशीत शिवी, ती काकांना. काका इतके खूश झाले की वॉर्डभर पेढे वाटले.

आज आई काठी टेकत देवळापर्यंत जाते. उजवा हात छातीशी मुडपलेला आहे, तो तसाच राहणार. शब्द थोडे आहेत, पण पुरतात. मच्छीची टोपली गेली. मागच्या दोन नवरात्रांत तिनं उपास केला तो गोळी घेऊन, आणि गोळीसाठी दोन घास खाऊन; काकांनीच देवीसमोर उभं राहून तशी मोकळीक दिली. तिच्या अंगात पुन्हा आलं नाही. मी त्याबद्दल विचारत नाही. ते तिचं आणि देवीचं आहे. ते पत्रक मी फाडलं नाही, कारण उपाशी पोटानं, गोळ्या सोडून बाया पडतात हे खरंच आहे. पण त्यातला 'ढोंग' हा शब्द मी मागे घेतो. शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपल्याला सगळं आधीच कळलंय हा हट्ट सोडणं म्हणजे शरण जाणं. तो हट्ट भक्ताचाही असतो आणि पत्रकवाल्याचाही. गावदेवीनं माझा सोडवला. फार महागात सोडवला, पण आई ठेवली. तिचे उपकार मला फेडायचे नाहीत, त्यांच्याखालीच राहायचंय.

आता तुम्हाला सांगतो, विनंती म्हणून नाही. येत्या नवरात्राआधी तुमच्या देवळाची, मंडळाची बैठक होईल. वर्गणी, मंडप, लाउडस्पीकर, सगळं ठरेल. त्या बैठकीत उभे राहा आणि विचारा, आरतीत बाई पडली, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर गाडी कोणाची, चालवणार कोण, आणि ढोल थांबवायला सगळ्यांत आधी कोण सांगणार? लोक हसतील, अपशकुन म्हणतील, विषय बदलतील. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.